खुर्ची पाहून गोळी

मी थ्रेस्याम्मा. केरळात पाला गावाजवळच्या एका वृद्धाश्रमात बावीस वर्षं नर्स. दोन वर्षांपूर्वी मला जवळचं दिसेनासं झालं. चष्मा लावला तर वय कळेल, अशी मला धास्ती. पांढरे केस जणू कुणाला दिसतच नव्हते! पण औषधांच्या कपाटाची किल्ली जाईल ही भीती खरी होती.

म्हणून मी शक्कल काढली. गोळ्यांच्या वाट्यांवरची नावं वाचायचीच नाहीत. ट्रेमध्ये वाट्या रात्रपाळीची नर्स खुर्च्यांच्या क्रमानं लावून ठेवी. न्याहारीआधी मी प्रत्येक खुर्चीपुढे वाटी ठेवून मोकळी. सगळे म्हणत, "थ्रेस्याम्माला सगळं तोंडपाठ!" मीही फुगायची.

मग ईस्टरआधीचा मोठा उपास लागला. मासे-अंडी सोडणाऱ्यांना आश्रम चालवणाऱ्या सिस्टर बेनिग्नांनी खिडकीजवळच्या टेबलावर बसवलं. तिथले म्हातारे पोथन अप्पच्चन अंड्याच्या रश्श्यासाठी पलीकडच्या टेबलावर गेले, आणि त्यांच्या खुर्चीवर बसले कुरुविला सर, निवृत्त हेडमास्तर. समोर ठेवलेली गोळी सरांनी निमूट गिळली. पोथनची शुगरची गोळी. सरांना शुगर नाही, आणि दुपारपर्यंत नुसत्या काळ्या चहावर राहायचा त्यांचा नेम.

दहा वाजता सर घामानं निथळत, मला "टीचर" म्हणू लागले. साखरेचं पाणी पाजलं, शुद्धीवर आले. तेवढ्यात रिकाम्या वाट्या गोळा करताना माझ्या लक्षात आलं, सर पोथनच्या खुर्चीवर बसले होते.

"उपासाचा त्रास," सिस्टर म्हणाल्या. "या वयात कशाला हवा हट्ट! झोपू दे त्यांना."

आयती सबब चालून आली होती. माझं पाप उपासाच्या माथी! पण त्या गोळीचा असर दिवसभर टिकतो, झोपेत साखर पुन्हा उतरते, हे मला माहीत होतं. सर झोपले असते ते कायमचे.

"झोपवू नका," मी म्हटलं. "मी पोथनची गोळी दिली. मला वाचता येत नाही, सिस्टर. दोन वर्षं झाली."

सिस्टरनी आधी गाडी बोलावली, मग माझ्यापुढे हात केला. मी किल्ली दिली. आडोशाला जाऊन रडले. खोटं कशाला सांगू, त्यातलं अर्धं रडू किल्लीसाठी होतं.

तीन दिवसांनी सर इस्पितळातून परतले. गोळ्या आता नवी नर्स देते. मी चष्मा लावून कांजी, म्हणजे तांदळाची पेज, वाढते.

"ही बाई वाचते ना?" सरांनी नव्या नर्सकडे बोट दाखवून विचारलं.

"वाचते, सर."

"मी तुला माफ केलेलं नाही, थ्रेस्या."

"नका करू, सर."

मी पळीभर कांजी त्यांच्या ताटापाशी नेली. त्यांनी ताटावर हात आडवा धरला.

"ही माझीच ना?"

सगळं टेबल हसलं. मला हसू आलं नाही. मी म्हटलं, "नाव सांगा, सर."

त्यांनी घराण्याच्या नावासकट पूर्ण नाव सांगितलं, आणि हात काढला.