पुलाच्या अर्जाची पोच

मंगळवारी गयामावशी वारली. ओढ्याला पाणी होतं. तिरडी खांद्यावर घेऊन लोक पाण्यातून गेले.

आज शोकसभा होती. मावशीच्या एका जुन्या अर्जाची शिक्क्याची नक्कल मी बरोबर नेली होती. त्या कागदाला कार्बनचा वास अजून आहे. त्या वासासरशी तालुक्याची कचेरी आठवली.

अर्ज याच ओढ्यावरच्या पुलाचा होता. मावशीला लिहिता येत नव्हतं. ती सांगायची, मी लिहायचे. पण पोचेचा शिक्का घेतल्याशिवाय ती कुठूनच उठत नसे.

त्या दिवशी कारकून म्हणाला, "मावशी, विश्वास ठेवा की."

"इस्वास हाय रे बाबा. शिक्का बी हाण."

त्याने मान फिरवली. मावशीने बरोबरच्या बायांना दारातच बसवलं आणि भाकरीचं फडकं सोडलं.

"इथं काय जेवायलात?"

"तुझे साहेब जेवायला गेलेत, मग आमी बी जेवायलोत. ये, ठेचा लय झणझणीत हाय."

बाया हसल्या. शिक्का पडला. ओल्या शाईवर फुंकर घालत मावशी मला म्हणाली, "पोरी, आता पूल झालाच म्हण." मलाही वाटलं, आपण जिंकलो. आता कळतं, पूल द्यायचा नव्हता म्हणून त्यांनी शिक्का दिला.

तोच कारकून आज साहेब म्हणून बोलायला उभा राहिला. भाकरीचा किस्सा सांगून त्याने सभेला हसवलं. पुलाचं नाव काढलं नाही. अर्ज हातात धरून मीही गप्प बसले, आणि स्वतःवरचा तो राग सगळ्यात मोठा आहे.

पोच माझ्याजवळ आहे. ओढ्यावर पूल नाही.