एजंटवाली

ती कोणाला नुसता होकार देऊन जाऊ द्यायची नाही. दूधवाल्याला "उद्या अर्धा लिटरच" सांगितलं की लगेच, "काय समजलं, सांगा बघू." तो बिचारा म्हणून दाखवायचा. पहिल्याच आठवड्यात तिने मलाही असं विचारलं, तेव्हा माझं डोकं फिरलं. म्हटलं, "पोरी, मी तुझ्या बापापेक्षा मोठा. माझी परीक्षा घेतेस?" तर शांतपणे म्हणाली, "काका, पोचणं वेगळं आणि समजणं वेगळं."

आमच्या घोडपदेवच्या चाळीत, माझ्या शेजारची खोली तिने अकरा महिन्यांच्या करारावर घेतली होती. सोबत आई, अर्धांगाने आडवी झालेली, वाचा गेलेली. दुसरा मजला, जिना अरुंद. आईला खाली उतरवायची सोय नाही आणि एकटीला टाकून जायची तर नाहीच. नोकरी घरातूनच. खाटेच्या पायथ्याशी मांडीवर लॅपटॉप घेऊन दिवसभर बसलेली. गॅलरीत दोन मिनिटं आली तरी एक कान आत. "या खोलीचं दार फक्त आतच उघडतं हो काका," म्हणायची आणि हसायची. मला काही हसू यायचं नाही.

काम काय करतेस, म्हणून एकदा विचारलं. म्हणाली, "मी एजंटना एकमेकांशी बोलायला शिकवते. एकाचा निरोप दुसऱ्याला कसा जावा, त्याचा साचा बनवते. समजलं ना?"

मी चौथी पास. पण चाळीत माझा शब्द चालतो. समजलं नाही, असं मी मिलमध्ये माझ्या वरच्या जॉबरलासुद्धा कधी म्हटलं नव्हतं, मग हिला म्हणणार? मी मान डोलावली. नेमकी आत आईच्या हातून वाटी पडली आणि ती धावली, म्हणून माझी परीक्षा त्या दिवशी चुकली.

तेव्हा आमची चाळ पाडून टॉवर उठवायचं घाटत होतं. बिल्डरचे एजंट सह्यांसाठी दारोदार घिरट्या घालत होते. आणि भिंतीपलीकडून हिचं फोनवरचं बोलणं यायचं: "पहिल्या एजंटला नकार मिळाला तर दुसऱ्याला पाठवा. पण पहिल्याला काय उत्तर मिळालं, ते दुसऱ्याला कळलं पाहिजे." आता आणखी पुरावा काय हवा? मी चाळ समितीत सांगून टाकलं, बाई बिल्डरची आहे. पक्की खबर. तिचं नाव पडलं एजंटवाली. ती गॅलरीत आली की बायका पदर सावरून आत जायच्या. समितीने नालासोपाऱ्याला राहणाऱ्या खोलीमालकाला फोन केला. महिन्याभरात खोली खाली करून घेतो, म्हणाला.

मी लावलेली आग विझवायला ती माझ्याकडेच आली. "काका, आईला घेऊन जाऊ कुठे? लोक तुमचं ऐकतात. एजंट म्हणजे कॉम्प्युटरमधले प्रोग्रॅम हो, माणसं नव्हेत. या, दाखवते."

जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर तिने रकाने आखले होते. निरोप कोणाकडून, कोणाला, विचारतोय की सांगतोय, मजकूर काय, आणि आधीच्या कुठल्या निरोपाचं हे उत्तर. म्हणाली, "साचा जमलाय, पण दोन एजंट दिवसभर एकमेकांना 'मिळालं', मग 'मिळाल्याचं मिळालं', एवढंच कळवत बसतात. थांबतच नाहीत."

मला हसूच फुटलं. म्हटलं, "अगं, साचा म्हणजे आमच्यात कापड विणायचं यंत्र. पस्तीस वर्षं मी साच्यावर काढली. साचेखात्यात एवढा खडखडाट, कान असून नसल्यासारखे. सगळं हातांनी बोलायचो." मी करून दाखवलं. ज्याच्याशी बोलायचं त्याच्याकडे बोट. भुवई वर, म्हणजे विचारतोय. मूठ मिटली, म्हणजे समजलं.

"आणि मुठीला उत्तर?"

"मुठीला उत्तर नसतं. मुठींनाच उत्तरं देत बसलो तर साच्यावर पळणारा धोटा कोण बघणार?"

ती तीच ओळ लिहून घ्यायला लागली. खाटेवरून आई माझ्या हातांकडे टक लावून बघत होती.

"समजलं नाही, याला खूण काय होती काका?"

"तशी खूण नव्हती. पोरं अंदाजाने करायची. कधीमधी कापड बाद जायचं."

"म्हणून मी त्याला वेगळा रकाना ठेवलाय," ती म्हणाली. "समजलं नाही म्हणायची सोय नसली की एजंट काहीतरी भलतंच करून बसतो."

मी उठून घरी आलो. जेवलो नाही.

तरी आठ दिवस गेले. रोज सकाळी ठरवायचो आणि रोज समितीच्या दारावरून पुढे जाऊन पेपर घेऊन परत यायचो. नवव्या दिवशी बैठकीत उभा राहिलो. "ती बिल्डरची नाही. तिचं बोलणं मला समजलं नव्हतं, मी उगाच मान डोलावली." कोणीतरी हसलं. सेक्रेटरी म्हणाला, "अप्पा, तुम्हीच तर पक्की खबर म्हणाला होतात!" तिथूनच मालकाला फोन लावला. त्याने आदल्याच दिवशी खोली दुसऱ्याला देऊन टाकली होती.

तिला सांगायला गेलो तेव्हा ती आईचे पाय चोळत होती. "तुम्हीच सांगितलं होतंत, ते माहीत होतं मला," ती म्हणाली. "भिंत दोन्हीकडून पातळ आहे काका." एवढंच. मग बादलीतलं पाणी बदलायला उठली.

जायच्या दिवशी आईला खुर्चीत बसवून आम्ही चौघांनी उचललं. चाळीतली पोरं मला नको म्हणत होती, पण खुर्चीचा पुढचा पाय मी धरला. जिन्याच्या वळणावर खुर्ची अडकली. ना वर, ना खाली. तेव्हा घाबरून आईने चांगल्या हाताने माझी कॉलर पकडली. ती खालपर्यंत सोडली नाही. टॅक्सीत बसवल्यावरही सोडली नाही. मी दारातून आत वाकलेला, मागे गाड्यांचे हॉर्न.

एजंटवाली एकेक बोट सोडवू लागली. "आई, सोड. काका नाही येत आपल्याबरोबर."

मी म्हटलं, "राहू दे गं. राहू दे थोडा वेळ."