ठसक्याची वाट बघणारं घर

आमच्या लॅबचा मिक्सर सारखा धुवावा लागतो, त्यामुळे त्याच्या तळाला काही राहत नाही. किस्से मात्र राहतात. ते धुवायला वेळ कोणाला आहे?

लॅब वर्तकनगरला, एका सोसायटीच्या तळमजल्यावर. पुढच्या खोलीत लोकांच्या डोक्याला करंट देतात, मागच्या खोलीत त्यांचं जेवण मिक्सरला लावतात. दोन्ही खोल्यांवर राज्य मृदुला मॅडमचं. पॅरालिसिसच्या अटॅकनंतर ज्यांना गिळता येत नाही, त्यांच्यावर मॅडमचं संशोधन. मेंदूचा जो भाग गिळायला लावतो, तो बाहेरून हलका करंट देऊन जागा करायचा, आणि तो जागा होईपर्यंत माणसाच्या घशाखाली नीट उतरेल असं घट्ट, गुळगुळीत अन्न शोधायचं. लोक विचारतात, "मॅडम, तुम्ही नक्की कशाच्या डॉक्टर? डोक्याच्या की पोटाच्या?"

मॅडम म्हणतात, "मधल्या रस्त्याच्या!"

मी तिथे पेशंटचा मुलगा म्हणून गेलेलो. आता स्वयंपाकी आहे. त्याआधी इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो, ते सोडलं. बाबा नातेवाइकांना सांगतात, "गॅप घेतलाय." गॅप! जसा काही मी दोन टाइल्सच्या मध्ये पडलोय.

* * *

आधी बाबांचं खाकरणं सांगायला हवं.

बाबा डोंबिवलीच्या एका रंगाच्या कंपनीतून सुपरवायझर म्हणून रिटायर झाले. घरात बोलायचे कमी, खाकरायचे जास्त. जिन्यात खाकरले की आई टीव्हीचा आवाज कमी करायची, मी टीपॉयवरचे पाय खाली घ्यायचो. पाहुण्यांनी नको तो विषय काढला की एकदाच खाकरायचे, विषय बंद. त्यांना वाटायचं घराला शिस्त आहे. शिस्त कसली? कुत्र्याला शिट्टीची लावतात तशी सवय! त्या आवाजाचा मला इतका राग होता की कॉलेजच्या हॉस्टेलवर शेजारच्या खोलीत कोणी खाकरलं तरी माझं डोकं फिरायचं. आणि पाय खाली यायचे.

मग बाबांना अटॅक आला. हातपाय बऱ्यापैकी परत आले. बोलणं जड झालं, पण कळतं. गिळणं मात्र गेलं. हॉस्पिटलात एक व्हिडिओसारखा एक्स-रे काढतात, घोट कुठे जातो ते पडद्यावर दिसतं. बाबांचा घोट सरळ श्वासनलिकेत गेला. आणि बाबा शांत! ठसका नाही, खोकला नाही, डोळ्यांत पाणी नाही.

आई म्हणाली, "बघा, काही त्रास नाही झाला."

मॅडम म्हणाल्या, "वहिनी, हाच तर त्रास आहे. ठसका म्हणजे दारावरचा वॉचमन. तो झोपलाय. अन्न फुप्फुसात जाईल, न्यूमोनिया होईल, आणि आपल्याला पत्ता लागणार नाही."

नाकातून नळी लागली. हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी सांगितलं, महिन्याभरात सुधारणा नाही दिसली तर पोटाला भोक पाडून तिथून नळी बसवू. बाबा एकेक शब्द ओढत म्हणाले, "मी... टाकी... नाहीये."

खाकरायला गेले, तर नुसती हवा आली. आयुष्यभर ज्या आवाजाला घाबरलो, त्याची वाट बघत बसायची वेळ आली आमच्यावर!

* * *

मला नोकरी कशी लागली?

लॅबमध्ये आधी एक मावशी स्वयंपाकाला होत्या. हात सुगरणीचा. मॅडमनी त्यांना सांगितलं, ताजे कांदेपोहे करा आणि मिक्सरला लावा. मावशींनी पोहे केले, वर खोबरं-कोथिंबीर घातली, लिंबू पिळलं, मिक्सरकडे बघितलं आणि पदर खोचून म्हणाल्या, "हे पाप माझ्याकडून होणार नाही." चप्पल घातली, गेल्या.

बाबा पुढे खुर्चीत बसलेले, मी दारात उभा. मॅडम भांडं घेऊन बाहेर आल्या आणि मला म्हणाल्या, "तुला पापाची भीती वाटते का रे?"

मी म्हटलं, "मॅडम, मी थर्ड इयरला कॉलेज सोडलंय."

"उद्यापासून ये!"

* * *

कोपरीचे सकपाळकाका आमचे धडधाकट गिऱ्हाईक. त्यांना कसलाही आजार नाही. संशोधनात तुलनेला निरोगी माणसं लागतात, आणि रिटायर माणसाला कुठेतरी लागायला आवडतं.

पहिल्या दिवशी मी त्यांच्या डोक्याला मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज लावले, वरून पट्टा बांधला. मॅडम फोनवर होत्या. काकांनी डोळे मिटले.

"आल्या! मुंग्या आल्या! अरे वा! गुडघ्यापर्यंत उतरतायत."

"काका, गुडघ्यापर्यंत?"

"उजवा मोकळा झाला बघ. दोन वर्षं मांडी घालता येत नव्हती."

मी मशीनकडे बघितलं. मशीन बंद. वायर टेबलावर गुंडाळून ठेवलेली. मी गप्प बसणारा नाही. सरळ म्हटलं, "काका, तुमच्या पिढीला नुसतं खुर्चीवर बसवलं तरी करंट लागतो. अजून चालू पण नाही केलंय."

काकांनी एक डोळा उघडला. वायरकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, परत डोळा मिटला.

"मग राहू दे बंदच. सूट होतंय."

तेव्हा मला कळलं, की मॅडम काही पेशंटना मुद्दाम खोटा करंट का देतात, आणि "मशीनने बरा झालो" असं कोणी सांगितलं की त्यांचा चेहरा खुलायच्या ऐवजी पडतो का.

* * *

तेलाचा किस्सा आईचा.

नियम एकच, येताना डोक्याला तेल नको. तेलावर स्पंज टिकत नाही, करंट नीट जात नाही. मी आईला घरी चार वेळा सांगितलेलं. तर बाबांच्या पहिल्याच सेशनला त्यांचं डोकं असं चमकत होतं की ट्यूबलाइट त्यात दिसेल!

"आई!"

"अरे, डोक्यात करंट सोडणार. मग थोडा थंडावा नको?"

मी ओरडणार, तेवढ्यात मॅडमनी बाह्या सरसावल्या. बाबांना किचनच्या सिंकपाशी स्टुलावर बसवलं, मान पुढे वाकवली आणि भांडी घासायच्या लिक्विडनेच डोकं धुतलं. ज्या माणसाच्या कंगव्याला घरात कोणी हात लावायचा नाही, तो सिंकमध्ये डोकं घालून मुकाट बसलेला. मला मजा वाटायला हवी होती. नाही वाटली. मी टॉवेल धरून उभा राहिलो.

डोकं पुसताना बाबा म्हणाले, "लिंबाचा... वास."

आई म्हणाली, "बघा! सुधारणा!"

* * *

मॅडमनी एकदा साच्यातला बटाटावडा केला. म्हणजे वडा पूर्ण वाटून, गाळून, घट्ट करून परत वड्याच्या आकारात बसवलेला. दिसायला हुबेहूब. चमच्याने कापला की मलईसारखा. चमचा तिरका केल्यावर घास एका झटक्यात घसरायला हवा, चिकटून राहता कामा नये, ही आमची परीक्षा.

बाबांना खायची परवानगी नव्हती, बघायची होती. मी वडा समोर धरला. बाबांनी चमचा हातात घेतला, वड्याच्या पाठीवरून फिरवला. सुपरवायझर जागा झाला.

मॅडम अपेक्षेने म्हणाल्या, "कसं वाटतंय साहेब?"

बाबा म्हणाले, "पुट्टी... चांगलीये. दुसरा कोट... उद्या मारा."

मॅडम इतक्या हसल्या की वडा कोसळला.

* * *

आता आत्या. बाबांची मोठी बहीण, राहणार कल्याण. प्रेमळ आहे म्हणतात. आपल्याकडे जो ऐकत नाही त्याला प्रेमळच म्हणतात.

आत्या एका सेशनला आली. मी मागे मिक्सर चालवत होतो. बाहेर आलो तर आत्याच्या हातात पेढा आणि बाबांचं तोंड उघडं! "एवढासा रे. माझ्या हातचा. एका पेढ्याने काय होतंय?"

मी धावलो, बाबांच्या ओठावरून पेढा ओढला आणि परत जाऊ नये म्हणून स्वतःच्या तोंडात टाकला.

आत्या किंचाळली, "मेल्या, बापाच्या तोंडचा घास काढलास!"

"हो, काढला. आणि तुझ्यासमोर खाल्ला. अजून आणलेत?"

आग्रहाने किती माणसं मेली याची नोंद कोणी ठेवत नाही, नाहीतर आपल्या लग्नांमध्ये पोलीस उभे करावे लागतील. मी हे आत्याला तोंडावर सांगितलं. आत्या बाबांकडे वळून म्हणाली, "बघितलंस? तू खाकरत नाहीस, म्हणून हा एवढा बोलतोय!"

बाबांनी मान खाली घातली. आत्याचं चुकलं नव्हतं, तेच वाईट होतं.

* * *

तर बाबांची नळी निघाली. पोटाला भोक पडलं नाही. दुसरा एक्स-रे झाला, त्यात घट्ट घास नीट खाली उतरला आणि पाण्याचा घोट वाट चुकला तेव्हा वॉचमन उठला. आई हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये खाली बसून रडली आणि मग मला म्हणाली, "भूक लागलीये रे." मी तिला समोरून मिसळ आणून दिली. न वाटलेली. महिनाभरात पहिल्यांदा तिला नीट बसून जेवताना बघितलं.

करंटने झालं, व्यायामाने झालं की आपोआप झालं, यावर मॅडम काही बोलत नाहीत. "एका माणसावरून विज्ञान ठरत नाही," म्हणतात. बाबांनी कालच माझ्या वाटलेल्या आमटीला नावं ठेवली. मी पण सोडलं नाही. भांडण झालं. बरं वाटलं.

पण हे बरं होणं ज्या दिवशी सुरू झालं, तो दिवस सांगायचा राहिला.

दुसऱ्या एक्स-रेच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. लॅबमध्ये सेशन संपलेलं. मॅडमनी बाबांना ताठ बसवलं, दोन बोटं त्यांच्या गळ्यावर ठेवली आणि गार पाण्याचा एक छोटा चमचा तोंडात दिला. आई भिंतीला टेकून उभी. मी कंटाळून समोरच्या खुर्चीवर पाय टाकून बसलेलो. आत्या पण होती, पण रिकाम्या हाताने. तिची पर्स मॅडमनी बाहेर ठेवायला लावलेली.

गप्प बसणं आत्याला जमत नाही. ती मॅडमना म्हणाली, "हा आमचा मुलगा गॅपमध्ये तुम्हाला मदत करतो वाटतं. मग कॉलेज परत कधी सुरू होतंय याचं?"

मॅडमना घरातलं काय माहीत? बाबांच्या गळ्यावरची बोटं न हलवता म्हणाल्या, "गॅप कसला? त्याने तर कॉलेज सोड—"

आणि बाबा ठसकले!

असे ठसकले की खिडकीवरची कबुतरं उडाली. आत्याचं तोंड उघडं ते मिटलं. आई भिंतीपासून सरळ झाली. मॅडम अर्ध्या वाक्यात थांबल्या. आणि माझे पाय खुर्चीवरून खाली आले.

मग मॅडमनी टाळ्या वाजवल्या. मॅडम आमच्या घरात कधी राहिल्या नव्हत्या ना. "साहेब! हाच! हाच हवा होता! अजून एकदा येतो का, बघू."

बाबांनी रुमालाने तोंड पुसलं. माझ्याकडे बघितलं. मग खाली, माझ्या पायांकडे.

"आले... की खाली," ते म्हणाले. "आता... कशाला?"