समोरासमोरची पाती

अविनाश गेल्याचा फोन आला तेव्हा रास अल खैमाच्या आमच्या कारखान्यात डिस्पॅचच्या टेबलापाशी मी आणि ट्रकचा ड्रायव्हर, असे दोघेच होतो. दुबईत, अल कुसैसच्या घरीच झटका आला, हॉस्पिटलमध्ये नेईपर्यंत सगळं संपलं होतं. ड्रायव्हरने विचारलं, आपके कौन थे? मी म्हटलं, दोस्त. आणि लगेच मनात जे आलं ते लिहूनच टाकतो, कारण त्याच्याविषयी गोड लिहिणारे पुष्कळ आहेत. मनात आलं, आता हा साहेबांना खरं कधीच सांगणार नाही.

आमच्याकडे लोखंडी तुळया रंगवण्याआधी शॉट ब्लास्टिंगच्या मशिनमधून जातात. आत एक चाक प्रचंड वेगाने फिरतं, त्याची पाती पोलादी छर्रे तुळईवर फेकतात आणि गंज निघतो. तेच छर्रे हळूहळू पातीही खातात, म्हणून ती बदलत राहावी लागतात. समोरासमोरची दोन पाती वजनाला सारखी हवीत आणि बदलायची ती जोडीनेच, नाहीतर चाक थरथरतं आणि बेअरिंग जातं. अविनाश मेंटेनन्सचा इंजिनीअर, मी तेव्हा स्टोअरमध्ये. प्रत्येक नवं पातं काट्यावर ठेवून त्याच्यावर खडूने ग्रॅम लिहायचे आणि जोड्या लावून द्यायच्या, हे माझं काम. तो दारात येऊन म्हणायचा, काय सोनार, आज काय भाव? घरं जवळ, त्यामुळे रोज त्याच्याच गाडीतून जाणं-येणं. माझ्या बायकोचं ऑपरेशन झालं तेव्हा त्याने रजा टाकून हॉस्पिटलच्या खुर्चीत दिवस काढले. हेही खरं आहे, म्हणून लिहितो.

त्या दिवशी खोर फक्कान बंदराला माल जायचा होता, ट्रक उभे होते. एक पातं तुटलं म्हणून मी जोडी काढून दिली. थोड्या वेळाने त्याचा फोन आला, एकच बसवलंय, समोरच्याची पिन निघत नाहीये, ट्रक गेले की दुसरं बसवतो. मी म्हटलं, झिजलेल्या पात्यासमोर नवं ठेवून मशिन चालवू नकोस. तो म्हणाला, "यल्ला, चल सोनार, दोन-चार ग्रॅमने काय होतंय?" दुपारी बेअरिंग गेलं, शाफ्ट वाकला, माल राहिला. साहेबांच्या केबिनमध्ये, माझ्याशेजारी उभं राहून अविनाश म्हणाला की स्टोअरमधून जोडीच चुकीची आली होती. मी फोनचं सांगितलं. त्याने फोन झाल्याचंच नाकारलं. समोरचं झिजलेलं पातं, माझा एकमेव पुरावा, तोवर भंगारात गेलं होतं. मला डिस्पॅचला टाकलं, पगारवाढ अडली. वजनात चुकणारा माणूस, अशी माझी ओळख झाली.

संध्याकाळी गेलो त्याच्याच गाडीतून, दुसरी सोय नव्हती. शारजा आल्यावर तो म्हणाला, "तुझी फक्त बदली झाली. माझा व्हिसाच गेला असता रे. पोरीची बारावी होऊ दे, मी स्वतः साहेबांना सांगतो." मी विश्वास ठेवला. बारावी झाली, मग तिचं कॉलेज, मग नवीन साहेब... दर वेळी तो म्हणायचा, सांगतो, इन्शाल्ला. सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्याकडे जेवायला जातच राहिलो. सुनीतावहिनी मला जरा जास्तच आग्रह करायच्या. मला वाटायचं, नवऱ्याने केलेलं त्यांना ठाऊक आहे, म्हणून.

तेराव्याला त्यांच्या घरी गेलो. जो तो सांगत होता, माणूस सरळ होता. त्याची मुलगी मला गॅलरीत घेऊन गेली, माझा हात धरला आणि म्हणाली, "अंकल, डॅड लव्ह्ड यू. ही नेव्हर लेट अस टॉक अबाउट दॅट मशिन. ही सेड, इट वॉज युअर मिस्टेक बट ही सेव्ह्ड युअर जॉब." तिच्या आवाजात मायाच होती. म्हणजे इतकी वर्षं मी त्या घरात माफ केलेला माणूस म्हणून जेवत होतो, आणि तो समोर बसून मला आमटी वाढत होता.

मी स्वयंपाकघरात जाऊन वहिनींना सगळं सांगितलं, फोनचं आणि गाडीतलंही. त्यांनी गॅस बंद केला. "आजच सांगायचं होतं का, भावजी?" मी म्हटलं, "त्याने सांगायचं होतं, वहिनी. मी वाट बघत होतो."

त्यानंतर पंधरा-वीस दिवस काही नाही. मग वहिनींचा फोन आला. मुलीला सांगितलं, म्हणाल्या. साहेबांनाही फोन केला होता. म्हणाल्या, मशिनचं काय ते मला नीट सांगता आलं नाही, एवढंच सांगितलं की चूक यांची होती. साहेब म्हणाले, खलास, जुनी गोष्ट आहे. मग म्हणाल्या, रविवारी जेवायला या, यांच्या खुर्चीवर अजून कुणी बसत नाही.

मी गेलो. जेवलोही. अविनाशने द्यायचं ते त्याच्या बायकोने दिलं, तिचं काही देणं नसताना. मला ते त्याच्याकडून हवं होतं.