समोरच्यांचा अर्ज आणि परसातली खोली

मी लेखक नव्हे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. तेवढ्या भांडवलावर लिहायला बसलो, ही आगळीक वाचकांनी पोटात घालावी. पण इतकी वर्षे होऊनही ते प्रकरण आठवते, कारण त्यात चूक माझी होती.

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस. इस्लामपूर आणि आष्ट्याच्या मधल्या एका गावी मी नवा फौजदार. चळवळीतल्या फरारींच्या तपासाबद्दल वरून रोज विचारणा होई. अशात चार सह्यांचा अर्ज आला. तात्यांच्या परसातल्या खोलीत फौजेतल्या शिपायाची बायको भाड्याने राहते. दर रविवारी दुपारी तिच्याकडे परका माणूस येतो आणि दार लावून दोघे अनोळखी भाषेत बोलतात.

घरमालक तात्या म्हणजे निवृत्त कंपाउंडर. त्यांना ठाण्यात बोलावून मी खोली आठ दिवसांत रिकामी करून घ्यायला सांगितले.

"साहेब, तिघांनी समोरच्या दुकानदाराचं ऐकून सही केलीया. मी घरोघर इचारून आलोय," तात्या म्हणाले. "तिचं ऐकायचं ऱ्हायलंय. पलटणीत ह्याच घराचा पत्ता हाय. तिला हलवली तर नवऱ्याचं टपाल कुठं यील?"

मला तो उद्धटपणा वाटला. रविवारी दुपारी मी पंच घेऊन खोलीवर गेलो. आत एक लंगडा माणूस आणि ती, मध्ये कागद. अक्षरे इंग्रजी, पण शब्द एकही इंग्रजी नव्हता. माझ्या कॉलेजच्या इंग्रजीवर माझा फार विश्वास. पंचनाम्यात मी 'सांकेतिक मजकूर' असे लिहिले.

ठाण्यात दोन तास त्या माणसाला विचारले.

"मारा, न्हाईतर सोडा. शब्द दिलाय," एवढेच तो बोलला.

बाई ठाण्याच्या ओसरीवर बसून होती. "खोलीला कुलूप नगा लावू. टपाल माघारी जाईल," याखेरीज तिच्या तोंडून काही निघेना. तिला आरोपी करायचे मी जवळजवळ ठरवले होते.

तेवढ्यात तात्या आले आणि तिच्याशेजारी फरशीवर बसले. "पोरी, मी कुणाला सांगणार न्हाई. पन मलाच ठावं नसंल तर तुज्या बाजूनं बोलू काय?"

मग ती बोलली; दाराआडून मीही ऐकले. नवरा चार महिने बेपत्ता होता. सासरी कळले तर कुंकू पुसून गावी नेतील, म्हणून तिने कुणाला सांगितले नव्हते. हा माणूस जखमी होऊन त्याच पलटणीतून परतलेला. तो नवऱ्याची जुनी पत्रे वाचून दाखवी आणि तिला ती लिपी शिकवी.

माझ्या हवालदाराने एक कागद उचलला. तोही पूर्वी फौजेत होता. त्याने घडाघडा वाचले, "मैं खैरियत से हूँ..." आणि म्हणाला, "साहेब, ही पलटणीची हिंदुस्थानी. आमाला इंग्रजी अक्षरांतच लिवायला शिकवायचे. कॉलेजात न्हाई व्हय शिकवत?"

मी पंचनामा वर पाठवला नाही आणि दोघांना सोडून दिले.

दुसऱ्या दिवशी तात्यांनी दुकानदाराला आणि बाईला समोरासमोर बसवले. मलाही बोलावले.

"तुमी काय बघितलं?"

"दार लावल्यालं."

"आन् आत?"

"आतलं कसं दिसंल, तात्या?"

"मग अर्जात आतलं कुणी लिवलं?"

तात्यांनी बाईचे गुपित सांगितले नाही; तो माणूस तिला वाचायला शिकवतो, एवढेच सांगितले. शिकवणी त्यांच्या ओसरीवर, सगळ्यांच्या देखत होईल. पुढे तक्रार असेल तर आधी त्यांच्याकडे यायचे, एवढे ठरले.

तक्रार झटकून टाकू नये आणि नुसत्या तक्रारीवरून घरही रिकामे करून घेऊ नये. डोळ्यांनी पाहिलेले आणि ऐकलेले वेगळे करावे, मग भाडेकरूला नीट विचारावे. हे मला कुठल्या साहेबाने नव्हे, त्या कंपाउंडरने शिकवले.

माझी साताऱ्याला बदली झाली. दोनेक वर्षांनी तो हवालदार भेटला, त्याने पुढचे सांगितले. परसातल्या खोलीच्या पत्त्यावर एक कार्ड आले होते. इंग्रजी अक्षरे पाहून पोस्टमन म्हणाला, कुणाकडून तरी वाचून आणतो. तिने ते त्याच्या हातातून घेतले आणि दारात उभ्या उभ्या स्वतः वाचले. नवरा शत्रूच्या कैदेत होता. जिवंत होता.