मथुराक्काची हाक

मथुराक्का माणसांना नावानं हाक मारायची, तीही शिवेपर्यंत ऐकू जाईल अशी. चुलते, मामे, गावचा पाटील, कोणी सुटायचं नाही. आम्ही सुना नवऱ्याचं नाव ओठावर आलं तरी पदर तोंडात धरायचो. ही मात्र आपल्या मेलेल्या नवऱ्याचंही नाव खुशाल घ्यायची. "नाव घेतल्यानं माणूस झिजतो का गं?" असं वर मलाच विचारायची. मी धावड्यात नवी नवरी होऊन आले तेव्हा ती आमची शेजारीण. तरुण विधवा, बापाची जमीन एकटी कसायची. मला आधी तिची भीती वाटली, मग फार हेवा वाटायला लागला.

तिच्या बांधावर एक चिंच होती आणि पाटलाचा त्या चिंचेवर डोळा. एकदा त्याच्या गड्यानं बांध हातभर कोरला, तर ही खुरपं घेऊन तिथंच बसली. बांध पुन्हा घालून घेतल्यावरच उठली.

निजामाच्या अमलातली गोष्ट ही. एका हिवाळ्यात जमिनीची मोजणी आली आणि साखळी घेऊन दिनकर मोजणीदार आला. डोक्याला पांढरा रुमाल, बोलणं असं की साखर नको चहात. तिला म्हणाला, "तुमच्यासारखी बाई साऱ्या मुलखात देखली न्हाई. जालन्याला आलात तर जरूर भेटा." बस्स, एवढंच. पाण्याचा तांब्या देणाऱ्या प्रत्येकीला मेला हेच म्हणायचा. गावाला ते दिसत होतं, तिला दिसलं नाही.

सकाळच्या धुक्यात तो साखळी ओढत पुढं आणि ती झेंडी धरून मागं. कापूस फुटलेला, दोघांचे पाय धुक्यात बुडालेले, जमिनीवर चालतायत असं वाटायचंच नाही. मी विहिरीवर घागर तशीच ठेवून बघत राहायचे. आमच्यात विधवेचा पाट लागायचा, दुसरं लग्न व्हायचं, तेव्हा त्यात वाईट काही नव्हतं. पण एक दिवस तिनं विचारलं, "ते आले का गं?" मी म्हटलं, ते कोण? ती हसली आणि तिनं मान खाली घातली. मनातल्या मनात ती त्याची बायको होऊन बसली होती.

शेवटच्या दिवशी बांधाचे दगड रोवले. मोजणीदार आदल्या दिवशी पाटलाकडं जेवला होता. साखळी वाकडी पडली आणि चिंच पाटलाच्या बाजूला गेली. सारा गाव हिच्या तोंडाकडं बघू लागला, आणि ही मोजणीदाराच्या हातांकडं. मी तिला हलवलं, तर झोपेतून बोलावं तसं म्हणाली, "त्यांनी मोजलं ते बराबरच असंल."

तो गेला, तो गेलाच. ना निरोप, ना काही. ती हळूहळू कोणालाच हाक मारीनाशी झाली. संक्रांतीनंतर कापसाच्या गाड्या जालन्याला निघाल्या. मला जालन्यापलीकडं माहेरी जायचं होतं. हिरवी चोळी घालून तीही गाडीत चढली. कापसावर उताणी पडून, आभाळाकडं बघत तिनं मला तिचं घर सांगितलं. ठेसनामागं दोन खोल्या, दारात चिंचेचं रोप, दिवेलागणीला ते येणार, पायावर पाणी घालायचं. गाडी डुलत होती. खरं सांगते, मलाही ते घर दिसायला लागलं.

कचेरीच्या दारात चपराशानं विचारलं, कोण पाहिजे? ती म्हणाली, मोजणीवाले. तसे आत पुष्कळ आहेत, नाव सांगा, तो म्हणाला. तिचे ओठ नुसते हलले. मी सांगायला गेले तर तिनं माझं मनगट आवळलं. तेवढ्यात तोच बाहेर आला. तिच्याकडं पाहिलं, रुमाल सारखा केला आणि अगदी गोड आवाजात विचारलं, "कोण गाव, बाई? नाव काय आपलं?"

ती मागं फिरली. तिला एकटीला पाठवायचा धीर होईना, म्हणून मी माहेर सोडून तिच्याबरोबर परतले. गावाजवळ आलो तेव्हा चिंचेखाली पाटील चार माणसांत बसला होता. चालत्या गाडीतून उतरून ती त्यांच्यासमोर उभी राहिली आणि तिचा तो जुना आवाज लागला.

"दिनकर मोजणीदारानं माझा बांध खोटा मोजला! अन् मी उघड्या डोळ्यानं पाहून राह्यले!"

शिवेपर्यंत ऐकू गेलं असेल. चिंच तिला परत मिळाली नाही, मरेपर्यंत नाही. पण दुसऱ्या दिवशी उजाडताच तिनं पाटलाला नावानं हाक मारून रामराम घातला.

ती चिंचेखाली ओरडली त्याच संध्याकाळी मी घरी आले. नवरा पाठमोरा बैलांना वैरण टाकत होता. मी त्याला नावानं हाक मारली. त्यानं ओ दिली.