अर्थिंगचा खड्डा आणि गोमाकाकांचा वाल

आज आमच्या शहापूरच्या सोसायटीत विजेवरच्या गाड्यांसाठी चार्जिंग पॉइंट बसला. सेक्रेटरी मीच आणि त्यासाठी वर्षभर भांडलेलाही मीच. तरी पेढे वाटावेसे वाटले नाहीत.

सकाळी इलेक्ट्रिशियन म्हणाला, अर्थिंगचा खड्डा मातीतच घ्यावा लागेल. आमच्या आवारात सगळीकडे काँक्रीट. माती उरली आहे ती कुंपणालगतच्या एका कोपऱ्यात, आणि तिथे तळमजल्यावरचे गोमाकाका दरवर्षी वाल लावतात. ही बिल्डिंग उभी आहे ते भातशेत त्यांचंच होतं.

तिथल्या तिथे कमिटीची मीटिंग घेऊन आम्ही तोच कोपरा ठरवून टाकला. काकांना विचारायचं कोणाच्या डोक्यातही आलं नाही.

काका रागावले नाहीत. शेंगा धरलेले वेल त्यांनी स्वतःच उपटून बाजूला ठेवले आणि घरातून पहार आणून दिली.

खड्डा झाल्यावर त्यात मीठ आणि कोळसा पडायला लागला, तेव्हा मात्र त्यांनी विचारलं, "मीठ कशाला रे?"

"करंट जमिनीत उतरायला," इलेक्ट्रिशियन म्हणाला. "माती ओली ठेवा, अधूनमधून पाणी घालत जा."

काकांनी खड्ड्यात वाकून बघितलं. मग म्हणाले, "खारवलेल्या मातीत आता काय उगवायचं नाय. पन पानी मी घालीन."

संध्याकाळी मी स्कूटर चार्जिंगला लावायला उतरलो, तेव्हा ते तांब्या घेऊन तिथेच उभे होते.

तुमची बिल्डिंग कोणाच्या शेतात उभी आहे, ठाऊक आहे का? मला ठाऊक होतं. तरी मी विचारलं नाही.